हळदीतील कर्क्युमिन आणि स्मृतिभ्रंश : आशा किती, पुरावा किती?

(यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



या टेबलावर पाण्याने भरलेले दोन काचेचे पेले ठेवलेले आपण पाहत आहात. एका पेल्यात याच तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरचे हळकुंड मी आताच टाकले आहे. दुसऱ्यात बाजारातून आणलेले, चकचकीत पिवळे असे हळकुंड आहे. या पेल्यांकडे आपण शेवटी वळू. तोपर्यंत ते तसेच राहू द्यावेत, एवढीच विनंती.

हळदीविषयी आपल्याला सांगण्यासारखे काही असेल, असे मला वाटत नाही. उमरखेड, महागाव आणि पुसद हे तालुके कापसाच्या या जिल्ह्यात आता हळदीचेही तालुके झाले आहेत. पैनगंगेच्या खोऱ्यात जिथे ओलिताची सोय झाली, तिथे पऱ्हाटीच्या शेजारी हळदीचे वाफे दिसू लागले. बेणे कोणते घ्यावे, गड्डे केव्हा काढावेत, कढईत हळद किती शिजवावी, हे माझ्यापेक्षा आपण अधिक जाणता. मी बोलणार आहे ते हळदीतील एका घटकाविषयी, आणि त्याच्या नावावर घरोघरी पोहोचलेल्या एका समजुतीविषयी. तो घटक म्हणजे कर्क्युमिन. समजूत अशी की, म्हातारपणी होणारा स्मृतिभ्रंश, विशेषतः अल्झायमर हा विकार, कर्क्युमिनने टळतो किंवा बरा होतो.

या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलो नाही. माझी थोरली मावशी पुसदकडच्या एका खेड्यात राहत असे. पन्नास माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करणारी ती बाई. एके दिवशी तिने वरणात तीनदा हळद घातली. वरण कडू झाले, घरातली मुले हसली, आणि मावशीही हसली. पुढे ती चुलीपुढे बसून सुनेला दर दोन मिनिटांनी विचारू लागली, ‘हळद घातली का मी?’ सहा महिन्यांत ती स्वतःच्या अंगणातून घराकडे येण्याची वाट विसरली. माझ्या मावसभावाने कोणाच्या तरी सांगण्यावरून हळदीच्या अर्काच्या महागड्या गोळ्या आणल्या. गोळ्या विकणाऱ्याने सांगितले होते की, हे औषध चालू असताना इतर औषधांची गरज राहत नाही. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या. मला हे कळले तेव्हा चार महिने उलटून गेले होते, आणि मावशीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मी रागावलो, तेव्हा भाऊ म्हणाला, ‘दादा, तुम्ही डॉक्टर झालात म्हणून आपल्या हळदीवरचा विश्वास सोडलात काय?’

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी नीट देता आले नाही. आजचे व्याख्यान हेच ते उत्तर आहे असे समजा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हळदीविषयी शास्त्रज्ञांना वाटणारे कुतूहल खोटे नाही. कर्क्युमिन हळदीतून प्रथम वेगळे काढले गेले ते १८१५ साली, फोगेल आणि पेल्टिए या दोघांकडून. त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. आपल्या देशात लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ साली त्याच्या दाहनाशक गुणांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा उल्लेख या विषयावरील लेखनात आजही होतो. म्हणजे हा विषय परक्यांनी आपल्याला शिकवलेला नाही.

मेंदूशी त्याचा संबंध कसा जोडला गेला, ते पाहू. जर्मनीतील आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची तपासणी केली. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. पेशींच्या बाहेर किटण चढावे तसे साचलेले थर, आणि पेशींच्या आत गुंता झालेले तंतू. बाहेरचे किटण हे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असते. त्याच्याभोवती दीर्घकाळ मंद दाह चालू राहतो आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात. मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणूनच हा विकार एवढा दुर्धर. कंपवातात म्हणजे पार्किन्सनच्या विकारात प्रथिन निराळे असते, पण गुठळ्या होण्याचा प्रकार काहीसा तसाच.

आता कर्क्युमिन दाह कमी करते, आणि काचेच्या नळीत ते अमायलॉइडला चिकटून त्याच्या गुठळ्या होऊ देत नाही, असे दिसून आले. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात ग्रेग कोल, सॅली फ्राउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उंदरांवर प्रयोग केला. या उंदरांत माणसाचे एक सदोष जनुक घातलेले असल्यामुळे त्यांच्या मेंदूत किटण साचत असे. अन्नातून अल्प कर्क्युमिन दिलेल्या उंदरांत ते किटण जवळजवळ निम्म्याने कमी भरले. ही बातमी जगभर गेली, आणि जाणे स्वाभाविकही होते.

योगायोगाने त्याच वर्षी दुसरी एक बातमी आली. हरियाणातील बल्लभगड परिसराच्या खेड्यांत वृद्धांचा एक काळजीपूर्वक अभ्यास झाला होता. पासष्टीच्या पुढील हजार माणसांमागे वर्षाला सरासरी ४.७ जणांना नव्याने अल्झायमर होतो, असे त्यात आढळले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील एका खोऱ्यात हाच आकडा १७.५ होता. मग कोणीतरी दोन बातम्यांची गाठ मारली. भारतीय हळद खातात, भारतीयांना अल्झायमर कमी होतो, म्हणून हळदीने अल्झायमर टळतो!

शिक्षकांना या अनुमानातील दोष सांगण्याची गरज नाही. बल्लभगडच्या अभ्यासात कोणी किती हळद खाल्ली हे मोजलेलेच नव्हते. त्या खेड्यांत तेव्हा कोलेस्टेरॉल कमी होते, अंगमेहनत अधिक होती. आणि मुख्य म्हणजे आजारी वृद्ध अमेरिकेतल्याइतके दीर्घकाळ जगत नव्हते. रोग होऊनही माणूस लवकर गेला, तर तो मोजणीत सापडत नाही. त्या संशोधकांचे एक काम मात्र मला फार मोलाचे वाटते. विलायती पद्धतीची स्मरणचाचणी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी होती. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला ती दिली, तर तो धडधाकट असूनही नापास ठरेल. म्हणून त्यांनी निरक्षरांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी तयार केली. प्रश्न बदलल्याशिवाय उत्तराला अर्थ नसतो, हे त्यांनी ओळखले.

पुढे देशव्यापी पाहणी झाली. तिच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठीच्या पुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. आपल्या गावात साठीवरील तीनशे माणसे असतील, तर या हिशेबाने त्यांतील बावीस जण या विकाराच्या कोणत्या ना कोणत्या पायरीवर असू शकतात. यांतील बहुतेकांनी जन्मभर हळद खाल्लेली आहे. माझ्या मावशीनेही खाल्ली होती.

यावर कोणी म्हणेल की, भाजीतली हळद पुरेशी नसते, जास्त घेतली पाहिजे. योग्य शंका आहे. आपण हिशेब करू. हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असते. चार टक्के धरू. घरातील एका माणसाच्या पोटात दिवसाला अडीच ग्रॅम हळद जाते असे मानले, तर कर्क्युमिन झाले १०० मिलिग्रॅम. रुग्णांवरील प्रयोगांत दिवसाला चार ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिले गेले. तेवढे हळदीतून मिळवायचे, तर रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. सातवीच्या मुलांना हे गणित घालून पाहा.

बरे, एवढे कर्क्युमिन पोटात घातले तरी ते मेंदूपर्यंत पोहोचते काय? खरी अडचण इथे आहे. हळदीला चुना लावला की ती लाल होते. कुंकू तसेच करतात, हे आपल्या आयाबहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचा अर्थ असा की, या द्रव्याला अल्कली सोसत नाही. प्रयोगशाळेत आतड्यातल्यासारख्या, आम्ल नसलेल्या साध्या द्रावणात ठेवले, तर अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग विघटित होतो. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. जे थोडे आतड्यातून आत शिरते, त्याचे रूप यकृत ताबडतोब पालटून टाकते. त्यातून उरलेल्याला मेंदूभोवतीची तटबंदी ओलांडायची असते, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या कोणत्याही पदार्थाला सहजासहजी आत येऊ देत नाहीत. कढईभर रस आटवावा आणि हाती चमचाभर गूळ लागावा, त्याहूनही वाईट हा उतारा आहे.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपेरिन हे द्रव्य दिले, तर रक्तातील कर्क्युमिनचे प्रमाण वीसपटीने वाढते. आज बाजारातील अनेक गोळ्यांवर मिऱ्यांचे चित्र असते ते यामुळे. परंतु मूळ प्रमाण नगण्य असेल, तर त्याची वीसपटही फार होत नाही. शिवाय पायपेरिन केवळ कर्क्युमिनला वाट करून देते असे नाही. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचे थिओफिलीन यांचेही रक्तातील प्रमाण ते वाढवते. घरात वृद्ध माणूस असेल आणि तो आधीच चार गोळ्या घेत असेल, तर ही गोष्ट किरकोळ नाही.

आता माणसांवरील प्रयोग पाहू. यात आधी एक रीत समजून घेतली पाहिजे. रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. शेवटी पाकीट फोडायचे. या रीतीत कोणाच्या श्रद्धेला किंवा पदवीला वेगळा भाव मिळत नाही.

हाँगकाँगमध्ये असा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००८ साली आला. ३४ रुग्ण, सहा महिने, दिवसाला एक किंवा चार ग्रॅम. फरक आढळला नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, औषध नसलेल्या गटातील रुग्णही त्या सहा महिन्यांत विशेष खालावले नव्हते, त्यामुळे हा प्रयोग निर्णायक नव्हता. अमेरिकेत २०१२ साली ३६ रुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यातही गुण आला नाही, आणि रक्तात कर्क्युमिन फारच थोडे पोहोचल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियात ९६ निरोगी वृद्धांवरील प्रयोगात वर्षभर रोज दीड ग्रॅम देऊन पाहिले. २०१६ सालच्या त्या अहवालात सहाव्या महिन्याला एका चाचणीत किंचित फरक दिसतो, पण वर्षअखेर तो उरत नाही.

एका प्रयोगाने मात्र आशा जागवली. लॉस एंजेलिस येथेच ४० जणांवरील प्रयोगात दीड वर्ष अधिक शोषले जाणारे कर्क्युमिन देण्यात आले, आणि २०१८ साली जाहीर झाले की ते घेणाऱ्यांच्या स्मरणचाचण्या सुधारल्या. ही माणसे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हती, वयानुसार येणारा विसर त्यांना होता. चाळीस माणसे म्हणजे दोन वर्गांएवढीही संख्या नव्हे. मोठ्या संख्येवर तसाच निष्कर्ष निघेपर्यंत या प्रयोगाला शुभचिन्ह म्हणावे, पुरावा म्हणू नये. २०१७ साली औषधरसायनाच्या तज्ज्ञांनी कर्क्युमिनवरील सारे साहित्य चाळून जो आढावा घेतला, तो तर कठोरच होता. त्यांचे म्हणणे असे की, माणसांवरील १२० हून अधिक प्रयोगांपैकी चोख रीतीने झालेला एकही प्रयोग यशस्वी ठरलेला नाही. काचेच्या नळीत कर्क्युमिन स्वतः प्रकाश फेकते, प्रथिनांना वाटेल तसे चिकटते, आणि त्यामुळे चाचणीच फसते. संशोधकाला वाटते की गुण आला. त्यातच, कर्क्युमिनवर विपुल लेखन करणाऱ्या एका नामांकित शास्त्रज्ञाचे अनेक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे एक म्हण आहे, पी हळद आणि हो गोरी. उतावळेपणाची थट्टा करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी हळदीचेच उदाहरण घ्यावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मावसभावाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या हळदीवरचा विश्वास. या संदर्भात एक प्रसंग आठवावा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या कामावर दिले गेले. आपल्या घरात मूल पडले की आजी हळद दाबते, आणि त्यावर मक्तेदारी अमेरिकेत! तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेलचे. परिषदेने १९९६ साली आव्हान दिले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. वृत्तपत्रांनी याला हळदीघाटीची लढाई म्हटले.

ही लढाई आपण कशाच्या बळावर जिंकलो? ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढ्यावर नव्हे. अमेरिकेच्या कार्यालयाला छापील पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ शोधून काढले. त्यांत जुने ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. आपण पुराव्याची मागणी मान्य केली, पुरावा दिला आणि जिंकलो. जी कसोटी आपण अमेरिकेपुढे स्वीकारली, ती गोळ्या विकणाऱ्यापुढे आपण का सोडावी? भावाला मी आज हे सांगेन. माझा विश्वास हळदीवर आहे, डबीवरच्या चिठ्ठीवर नाही.

त्या गोळ्या निरुपद्रवी आहेत, ही समजूतही दुरुस्त केली पाहिजे. अन्नातील हळद शतकानुशतके पचलेली आहे, तिच्याविषयी चिंता नको. पण इटलीत २०१८-१९ च्या सुमारास कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणे पुढे आली. अमेरिकेतील डॉक्टरांनीही २०२२ साली तशी नोंद केली. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्यांना, आणि मिऱ्यांच्या अर्कासह घेतल्यास, धोका अधिक दिसतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळीला हात लावू नये.

मग विसरू लागलेल्या आईवडिलांसाठी काय करावे? प्रथम, ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय सोडून देऊ नये. विसर हा नेहमीच अल्झायमर नसतो. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, गलग्रंथीचे मंदावणे, खिन्नता, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, एखाद्या औषधाचा परिणाम, यांमुळेही माणूस भ्रमिष्टासारखा होतो. आणि यांतील बरीच कारणे दूर करता येतात. माझ्या नोकरीच्या काळात एक आजोबा ‘काही समजत नाही’ म्हणून माझ्याकडे आणले गेले होते. त्यांच्या कानांत मळाचे बोळे बसले होते. तपासणीविना गोळी सुरू केली की अशी माणसे वर्षभर अंधारात राहतात. कर्क्युमिनच्या गोळ्यांनी होणारे सर्वांत मोठे नुकसान माझ्या मते हेच आहे. पैसा जातो त्याचे दुःख नाही असे नाही, पण तपासणीची वेळ निघून जाते. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहिला, तर खर्च रंगाचा तेवढा.

खऱ्या अल्झायमरला आज बरे करणारे औषध नाही. अमायलॉइडचे किटण काढणारी लेकानेमॅबसारखी नवी इंजेक्शने निघाली आहेत. दीड वर्षाच्या प्रयोगात त्यांनी घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. म्हणजे घसरण थांबत नाही, मंदावते. आणि ती देताना मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, याची वारंवार छायाचित्रे काढावी लागतात. उंदरात किटण गेले म्हणून कर्क्युमिनचा जयजयकार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, माणसात किटण खरोखर काढूनही लाभ एवढाच मिळतो.

प्रतिबंधाची बाजू मात्र बरीच भक्कम आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे मांडले की, जगातील स्मृतिभ्रंशापैकी सुमारे ४५ टक्के भाग चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे. बालपणी न मिळालेले शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, डोक्याला मार, दृष्टी जाणे, एकटेपणा ही त्यांतील काही. शिक्षकांनी पहिल्या कारणाकडे पाहावे. शाळा सोडणाऱ्या मुलीला वर्गात परत आणणे हे साठ वर्षांनंतरच्या स्मृतिभ्रंशावरचे काम आहे, असे या यादीवरून म्हणता येते. यादीत हळदीचे नाव नाही.

या जिल्ह्यापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती तत्काळ होणारी विषबाधा होती आणि तिची बातमी झाली. पण कीटकनाशकांशी वर्षानुवर्षे संबंध येणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. त्याची बातमी होत नाही, कारण हात कापू लागतात ते वीस वर्षांनी. कर्क्युमिन कंपवातातील प्रथिनाच्या गुठळ्या नळीत रोखते, हे खरे. माणसात रोखल्याचे सिद्ध नाही. फवारणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी आणि हातात मोजे असावेत, उघड्या अंगाने व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, ही गोष्ट मात्र आज आपल्या हाती आहे. मजुराला ही साधने मालकाने द्यावीत, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

काही शेतकरी बंधूंच्या चेहऱ्यावर मला प्रश्न दिसतो आहे. हळदीला औषध म्हणून भाव येणार नसेल, तर आम्ही काय करावे? हळद लावावी, असेच मी म्हणेन. पलीकडे हिंगोलीत वसमतला हळदीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला ते त्याआधीच मिळाले होते. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. अर्क काढणारे उद्योग कर्क्युमिनच्या टक्केवारीवर भाव देतात, तेव्हा आपल्या हळदीची टक्केवारी तपासून घेणे आणि ती जादा शिजवून घालवू नये, यात शहाणपण आहे. शास्त्रज्ञ मेंदूपर्यंत पोहोचेल असे कर्क्युमिनचे रूप शोधत आहेत. सापडले तर आनंदच. त्या आशेवर कर्ज काढू नये एवढेच.

आणि आता हे पेले. हळद मेंदूला तारते की नाही याचा वाद चालू असताना, हळदीतूनच मेंदूला मारणारे विष पोटात जाऊ शकते, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. हळकुंडे ढोलात घालून पॉलिश करताना पिवळा झळाळ यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा रंग लावतात. लेड म्हणजे शिसे. मुलाच्या मेंदूची शिशाने झालेली हानी भरून येत नाही. बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजून काळवंडली आणि व्यापाऱ्यांनी हा रंग लावायला सुरुवात केली, असे तेथील तपासणीत निष्पन्न झाले. २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत तो सापडला. सरकारने कारवाई केली, गिरण्यांवर छापे घातले, लोकांना सांगितले. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात तो आढळला नाही. दोन वर्षांत! आपल्या देशातही २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्यासारख्या शहरांतील नमुन्यांत शिशाचे प्रमाण चिंताजनक होते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली चाचणी अगदी सोपी आहे. अख्खे हळकुंड पाण्यात टाकावे. शुद्ध हळकुंड रंग सोडत नाही. रंग लावलेले लगेच सोडते. पाणी पिवळे झाले म्हणजे शिसे सिद्ध झाले असे नव्हे, दुसरा रंगही असू शकतो. नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा, प्रयोगशाळा सांगेल. पण शंका घेण्यास एवढे पुरे, आणि हा प्रयोग कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत होतो. आठवड्याच्या बाजारातून मुलांनी पाच दुकानांची हळकुंडे आणावीत आणि निकाल वहीत मांडावा. आपल्या गावच्या हळदीचा ढोल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडेही पंचायत सदस्यांनी एकदा जाऊन यावे, त्रास देण्यासाठी नव्हे, काय लावता एवढे विचारण्यासाठी.

मी बोलत होतो तेवढ्या वेळात डावीकडच्या पेल्यातील पाणी जसेच्या तसे राहिले आहे. ते आपल्या तालुक्यातले हळकुंड आहे. उजवीकडचा पेला मागच्या रांगेतून दिसत नसावा. आपण एकेक करून पुढे यावे आणि तो उजेडात धरून पाहावा.